दर प्रकल्पाला तीच डॉकरफाइल: नागपुरातल्या एका छोट्या कंपनीचं प्रकरण

गायत्रीनगरच्या आयटी पार्कच्या आसपास अशा कंपन्या बऱ्याच आहेत. दहा-पंधरा माणसं, एक हॉल, आणि कामं बहुतेक गावातलीच: वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांचं बुकिंग, कळमन्याच्या अडत्यांचा हिशोब, कोचिंग क्लासच्या ऑनलाइन परीक्षा, एखाद्या दवाखान्याच्या अपॉइंटमेंट. प्रत्येक अॅप्लिकेशन लहान, पण त्यांची संख्या मोठी. हे प्रकरण अशाच एका कंपनीचं आहे. मी तिथं सर्व्हरचं काम बघतो, त्यामुळे आतून दिसलं तसं लिहितो आहे. गिऱ्हाइकांची नावं अर्थातच नाहीत.

कंटेनर, म्हणजे अॅप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेले डबे, आमच्याकडे नवे नव्हते. ते बनवणारं आणि चालवणारं डॉकर २०१३ साली जगासमोर आलं, आमच्या हॉलपर्यंत पोचायला त्याला आणखी काही वर्षं लागली, आणि तेव्हापासून प्रत्येक प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये एक डॉकरफाइल (ज्यातून कंटेनर उठतो ती इमेज बनवायची कृती), एक कंपोज फाइल (कुठले कंटेनर एकत्र कसे चालवायचे ते), एनजिनएक्स या वेब सर्व्हरचं एक कॉन्फिग आणि सर्व्हरवर चढवायची एक शेल स्क्रिप्ट असायचीच. ही चौकडी यायची कुठून? मागच्या प्रकल्पातून. नवं काम ज्याच्या वाट्याला येई तो आपल्या आधीच्या कामातून या फाइली उचली, नावं बदली, पोर्टचे (सर्व्हरच्या दारांचे) आकडे बदली, आणि चालू पडलं की पुढच्या कामाला लागे. यात आळस नव्हता. जे चालतंय ते उचलावं, हे कुणालाही पटेल. पण फाइल उचलली तरी त्यातली एखादी ओळ कुणी आणि कशासाठी लिहिली होती, हे सोबत येत नाही.

घड्याळ, चौकोन आणि उघडं पोर्ट

वाडीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याला दिवसभराच्या बिल्ट्यांचा गोषवारा रात्री बारा वाजता ईमेलवर हवा होता. तो यायचा पहाटे साडेपाचला. कंटेनरच्या आतलं घड्याळ, वेगळं काही सांगितलं नाही तर, यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतं, आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. ज्याच्याकडे काम होतं त्यानं क्रॉनमधली, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यादीतली, वेळ मागे ओढून १८:३० केली. गोषवारा बाराच्या ठोक्याला यायला लागला, विषय संपला.

पुढे तीच क्रॉनची फाइल दुसऱ्या प्रकल्पात गेली. तिथली कंपोज फाइल मात्र तिसरीकडून आली होती आणि तिच्यात कुणीतरी टाइमझोन एशिया-कोलकाता असा आधीच लिहून ठेवला होता. परिणाम असा, की त्या गिऱ्हाइकाचा दिवसअखेरचा हिशोब संध्याकाळी साडेसहालाच बंद व्हायला लागला, आणि तेव्हा तर दुकानात खरी गर्दी असते. दोन्ही दुरुस्त्या आपापल्या घरी बरोबर होत्या. मला या सगळ्या प्रकरणात हीच घटना सर्वांत बोलकी वाटते, कारण इथं चूक म्हणून बोट ठेवावं अशी एकही ओळ सापडत नाही.

कळमन्याच्या अडत्याकडे वेगळंच. शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबपट्टीची पीडीएफ लॅपटॉपवर झकास दिसायची, आणि सर्व्हरवरून निघाली की गावाच्या आणि मालाच्या नावाच्या जागी नुसते चौकोन. डेबियन लिनक्सच्या स्लिम, म्हणजे छाटलेल्या, इमेजमध्ये देवनागरीचा फॉन्ट नसतो. लॅपटॉपवर तो असतो म्हणून तिथं काही कळत नाही. लोहित देवनागरीचं पॅकेज डॉकरफाइलमध्ये टाकलं, चौकोन गेले. पुढच्या मराठी प्रकल्पात ते पुन्हा उगवले, कारण त्याची डॉकरफाइल अडत्याच्या प्रकल्पातून घेतलेली नव्हती.

आणि मग पोर्ट. एका नव्या मुलीनं, नुकतीच कॉलेजातून आलेली, पोस्टग्रेस या डेटाबेसचा लॉग (नोंदवही) उघडून विचारलं, "सर, या डेटाबेसवर रात्रभर कोण लॉगिन मारून राहिलं?" टीम लीड म्हणाले, "हौ, मारू दे. यूएफडब्ल्यू फायरवॉल चालू आहे, ५४३२ बंद आहे." ती म्हणाली, "बंद असतं तर लॉगमध्ये आलं काऊन असतं?"

तिचं बरोबर होतं. कंपोज फाइलमध्ये ५४३२ हे पोस्टग्रेसचं पोर्ट बाहेर काढायची ओळ होती. कुण्या काळी कुणीतरी लॅपटॉपवरून डेटाबेस बघता यावा म्हणून लिहिलेली. डॉकर असं पोर्ट उघडताना आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या पॅकेट-नियमांत, स्वतःचे नियम लिहितं. बाहेरून आलेलं पॅकेट यूएफडब्ल्यूच्या आवक नियमांपर्यंत पोचायच्या आधीच कंटेनरकडे वळवलं जातं. त्यामुळे यूएफडब्ल्यूची यादी 'बंद' म्हणते आणि दार सताड उघडं असतं. पासवर्ड बरा होता म्हणून निभावलं. दुरुस्ती एका ओळीची आहे: पोर्टच्या आधी १२७.०.०.१, म्हणजे फक्त हेच मशिन, लिहायचं, किंवा ती ओळच काढून टाकायची, कारण एकाच कंपोज नेटवर्कमधले कंटेनर एकमेकांना सेवेच्या नावानं हाक मारू शकतात, पोर्ट बाहेर काढायची गरजच नसते.

ती एक ओळ मात्र कितीतरी प्रकल्पांत पसरलेली होती. कुठं ती होती तशीच, कुठं पोर्टचा आकडा बदललेला, कुठं दुसऱ्याच नावाच्या फाइलमध्ये. प्रत्येक रिपॉझिटरी (प्रकल्पाच्या कोडचं कपाट) उघडून शोधावं लागलं.

आधी काय करून पाहिलं

ठरलं की ही मांडणी यंत्राकडून काढून घ्यायची. सर्वांत जवळची वाट डॉकरनंच दिलेली होती. २०२३ मध्ये आलेली 'डॉकर इनिट' ही आज्ञा प्रकल्पाची भाषा ओळखते, चार प्रश्न विचारते आणि डॉकरफाइल, कंपोज फाइल व डॉकरइग्नोर (इमेजमध्ये काय घ्यायचं नाही त्याची यादी) काढून देते. काढते ते चांगलंच काढते. एकट्यानं काम करणाऱ्याला मी आजही तिथूनच सुरुवात करायला सांगेन. पण तिला लोहित फॉन्ट माहीत नाही, साडेपाच तास माहीत नाहीत, आणि आमचे बॅकअप कुठं जातात हेही माहीत असायचं कारण नाही.

मग कुकीकटर हे साच्यातून प्रकल्प काढणारं साधन वापरून कंपनीचा स्वतःचा साचा केला. एक आज्ञा द्यायची, प्रश्नांची उत्तरं द्यायची, की फोल्डर तयार. मंडळी खूश. काही प्रकल्प त्यातून निघाले, आणि मग लॉगचा प्रश्न आला. डॉकर डिफॉल्टनं लॉग जेसनच्या फाइलीत लिहितं आणि त्या फाइलीला आकाराची मर्यादा नसते. कोचिंग क्लासच्या सर्व्हरची डिस्क परीक्षेच्या काळात भरली. साच्यात मर्यादा टाकली. पण आधी निघालेल्या प्रकल्पांचं काय? मूर्तिकारांच्या चितारओळीत साच्याचं नाक सुधारलं म्हणून मांडवात बसलेल्या मूर्तीचं नाक सुधारत नाही. कुकीकटर स्वतःहून एकदाच मूर्ती काढून देतं, पुढचं तुमचं तुम्ही बघा. म्हणजे आम्ही पुन्हा रिपॉझिटरी एकेक उघडत बसलो होतो. फरक एवढाच, की आता मूळ प्रत कुठली हे माहीत होतं.

सगळ्या प्रकरणाचा गाभा माझ्या मते इथं आहे. नवा प्रकल्प पटकन उभा राहणं ही सोय आहे. त्यातून वाचतो तो वेळ तासाभराचा. पैसा आणि झोप जाते ती आधी उभ्या असलेल्या वीस ठिकाणी नवी दुरुस्ती पोचवताना. साधन निवडताना तो प्रश्न पहिला विचारायला हवा, आणि इंटरनेटवरचे बहुतेक धडे तो विचारतच नाहीत.

कॉपियर, आणि साच्यातून काय काढून टाकलं

कॉपियर हे साधन निवडलं ते याच एका कारणासाठी. प्रकल्प काढताना दिलेली उत्तरं आणि साच्याची आवृत्ती ते प्रकल्पातच एका लहान फाइलीत लिहून ठेवतं. पुढे साचा बदलला आणि त्यावर गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात नवा टॅग लावला, की प्रकल्पात जाऊन 'अपडेट' म्हणायचं. ते जुन्या आवृत्तीतून तीच उत्तरं देऊन प्रकल्प पुन्हा काढून बघतं, आजच्या प्रकल्पाशी ताडतं, म्हणजे तुम्ही हातानं काय बदललं ते त्याला कळतं. मग नवी आवृत्ती उतरवून तुमचे बदल तिच्यावर परत चढवतं. जिथं दोघांनी एकाच ओळीला हात लावला असेल तिथं गिटसारख्या खुणा सोडून थांबतं. जादू नाही, पण डोळ्यांना दिसतं.

तरी मर्ज, म्हणजे दोन बदल एकात मिसळणं, तो मर्जच. चार महिन्यांत कुणीतरी एनजिनएक्सच्या फाइलीत काहीतरी खुपसलेलं असतंच. म्हणून दुसरा निर्णय घेतला, आणि तो पहिल्यापेक्षा जास्त कामाचा ठरला: साच्यात जितकं कमी ठेवता येईल तितकं कमी ठेवायचं.

फॉन्ट, टाइमझोनचा डेटा, रूट (सर्वाधिकारी) नसलेला युजर, सर्टिफिकेटं, हे सगळं कंपनीच्या बेस इमेजमध्ये, म्हणजे प्रकल्पांच्या इमेज जिच्यावर उभ्या राहतात तिच्यात, गेलं. एक पायथनच्या जॅंगोसाठी, एक जावास्क्रिप्टच्या नोडसाठी. दर आठवड्याला ती नव्यानं बिल्ड होते, आणि प्रकल्पाची पुढची बिल्ड ती आपोआप घेते. मर्जचा प्रश्नच नाही. बिल्ड करून इमेज रजिस्ट्रीत (इमेजच्या कोठारात) ढकलण्याचं काम गिटहब अॅक्शन्स या स्वयंचलित सेवेच्या एका सामाईक वर्कफ्लोमध्ये गेलं, आणि प्रत्येक प्रकल्पात त्याला बोलावणाऱ्या जेमतेम काही ओळी उरल्या. साच्यात राहिलं ते खरोखर प्रकल्पागणिक बदलणारं: कंपोज फाइल, डोमेनचं नाव, एन्व्ह (पासवर्डसारख्या सेटिंगांच्या) फाइलीचा नमुना आणि एक आखूड डॉकरफाइल.

टाइमझोनवर मात्र खडाजंगी झाली. पुस्तकी उत्तर असं, की कंटेनर यूटीसीवरच ठेवा आणि शेड्यूलरला टाइमझोन वेगळा सांगा. आम्ही सगळ्या कंटेनरांना एशिया-कोलकाता दिला. आमचं एकही गिऱ्हाईक देशाबाहेर नाही, देशात घड्याळ एकच, उन्हाळ्यात ते पुढे-मागेही होत नाही. लॉगमधली वेळ आणि भिंतीवरची वेळ एक असली की रात्री दोन वाजता फोन उचलणाऱ्याला वजाबाकी करावी लागत नाही. डेटाबेसमध्ये वेळ टाइमझोनसकटच्या प्रकारात साठवायची, हा नियम मात्र सक्तीचा. पोस्टग्रेस ती आत यूटीसीतच ठेवतं. शुद्धतावाद्यांना हे रुचणार नाही, चालेल.

प्रश्नांचीही छाटणी झाली. पहिल्या साच्यात रेडिसची आवृत्ती, वर्कर किती, अपलोडची मर्यादा, असं काय काय विचारलं जाई, आणि लोक एन्टर दाबत पुढे जात. आता निकष एक: काम सुरू होताना, गिऱ्हाइकाशी एकदा बोललेल्या माणसाला ज्याचं उत्तर देता येईल तेवढंच विचारायचं. भाषा कुठली, डेटाबेस लागणार का, रात्रीची कामं आहेत का, कागद छापायचे का, डोमेन काय. एवढ्यावर भागतं.

डॉकरफाइलमधल्या खाचाखोचा

डॉकर प्रत्येक ओळीचा एक थर करतं आणि वरची ओळ बदलली की तिच्या खालच्या सगळ्या ओळींचे थर नव्यानं रचतं. म्हणून आधी फक्त पॅकेजांची यादी आत घ्यायची, पॅकेजं बसवायची, आणि मग आपला कोड. उलट केलं तर एक स्वल्पविराम बदलला तरी सगळी पॅकेजं पुन्हा उतरतात. हे सर्वांना माहीत असतं, तरी जुन्या फाइलींपैकी निम्म्या उलट होत्या.

अॅप्लिकेशन सुरू करायची आज्ञा कंसातल्या यादीच्या रूपात लिहायची. साध्या वाक्यासारखी लिहिली तर मध्ये शेल बसतं, थांबायचा सिग्नल अॅप्लिकेशनपर्यंत जात नाही, डॉकर १० सेकंद वाट बघतं आणि मग मान पकडून बंद करतं. अडत्याच्या अर्धवट लिहिलेल्या पट्ट्या याच दहा सेकंदांतून आल्या होत्या.

एन्व्ह फाइल डॉकरइग्नोरमध्ये हवीच. ती एकदा थरात गेली की नंतरच्या ओळीत पुसली तरी आधीच्या थरात शाबूत राहते, आणि इमेज ज्याच्या हाती पडेल त्याला वाचता येते.

बिल्ड पूर्वी गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवरच व्हायची. २ जीबी मेमरीच्या मशिनवर रिअॅक्टची बिल्ड मधेच मरायची आणि मागे १३७ हा आकडा सोडून जायची; १२८ अधिक ९ (सक्तीनं मारायचा सिग्नल), म्हणजे मेमरी संपल्यावर कर्नलनं मारलं. आता सर्व्हर फक्त तयार इमेज खाली ओढतो. टीम लीडच्या नव्या एम-वन मॅकबुकवर बनलेल्या इमेज सर्व्हरवर न चालण्याची कटकटही त्याचबरोबर गेली. इमेजला 'लेटेस्ट' हा टॅग लावायचा नाही, कमिटचा हॅश, म्हणजे कोडच्या त्या बदलाची खूण, लावायचा. मागे जायचं तर मागचा हॅश. पोस्टग्रेसच्या बाबतीत तर 'लेटेस्ट' म्हणजे सुरुंगच, कारण मोठी आवृत्ती बदलली की जुन्या डेटाच्या फोल्डरवर नवं पोस्टग्रेस उठतच नाही.

"पोरं शिकणार कशी?"

आमच्यातले सर्वांत जुने गृहस्थ, ज्यांना सगळे दादा म्हणतात, या सगळ्याच्या विरोधात होते. "तुम्ही बटण देऊन राहिले. उद्या बटण नाही दाबलं गेलं तर हे पोट्टे काय करतील?"

हा आक्षेप मला बिनतोड वाटला, आजही वाटतो. उत्तर म्हणून जे केलं ते अर्धंच उत्तर आहे: साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक फाइलीत, जिथं ओळ विचित्र दिसेल तिथं, मराठीत शेरा. 'हे पोर्ट बाहेर काढू नका. फायरवॉल याला अडवत नाही.' 'ही आज्ञा कंसातच ठेवा, नाहीतर बंद करताना काम अर्धवट राहतं.' ओळीचं कारण ओळीला चिकटवलं. पोर्ट शोधणाऱ्या मुलीनंच यातले बरेच शेरे लिहिले, आणि लिहिताना दादांना विचारून विचारून त्यांना पार दमवलं. नंतर साच्यात बदल सुचवणाऱ्यांत दादांचाच नंबर वरचा लागायला लागला, हे जाता जाता.

वाडीचं गोडाऊन

एका गिऱ्हाइकाचा सर्व्हर ढगात नव्हता, वाडीच्या गोडाऊनच्या पोटमाळ्यावर होता. मे महिना, पारा ४५ अंशांच्या पलीकडे, वीज जायची, यूपीएस थोडा वेळ तग धरायचा, मग सगळं बंद. वीज आली की मशिन आपोआप उठायचं, कंटेनर उठायचे, डॉकरच्या यादीत सगळे 'चालू' दिसायचे, आणि अॅप्लिकेशन मात्र उघडत नसे. सकाळी मॅनेजरचा फोन ठरलेला.

कंपोज फाइलमध्ये तर लिहिलं होतं: डेटाबेस निरोगी झाल्याशिवाय अॅप सुरू करू नकोस. मग? ती अट कंपोज पाळतं, आणि कंपोज चालतं आपण आज्ञा दिली की. वीज गेल्यावर कंटेनरांना उठवतो तो डॉकरचा डिमन, म्हणजे पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्रॅम. तो फक्त रीस्टार्ट पॉलिसी बघतो, क्रम बघत नाही. अॅप डेटाबेसच्या आधी उठायचं, जोडणी मिळायची नाही, आणि आमचं अॅप मरण्याऐवजी एरर लिहीत जिवंत राहायचं. मेलं असतं तर पॉलिसीनं पुन्हा उठवलं असतं. हेल्थचेक (तब्येत तपासणारी आज्ञा) होता, तो 'अनहेल्दी' असा शिक्काही मारत होता. पण एकट्या डॉकरवर त्या शिक्क्यानं काहीच घडत नाही, कंटेनर आपणहून बदलला जातो तो अनेक सर्व्हर एकत्र चालवणाऱ्या स्वॉर्मसारख्या व्यवस्थेत.

म्हणून सुरुवातीची एक लहान स्क्रिप्ट बेस इमेजमध्ये आली: डेटाबेसची ठरावीक वेळ वाट बघ, नाही मिळाला तर चुकीचा कोड देऊन सरळ बाहेर पड. गोडाऊनसाठी लिहिलेली ही दुरुस्ती पुढच्या बिल्डसोबत प्रत्येक प्रकल्पात गेली, कुणालाही एकही फाइल न उघडता. बेस इमेजचा निर्णय बरोबर होता याची मला खात्री पटली ती तेव्हा.

याच सुमारास एका गिऱ्हाइकाच्या सल्लागारानं कुबरनेटीस (अनेक सर्व्हरांवर कंटेनर सांभाळणारी मोठी व्यवस्था) का नाही, असं विचारलं होतं. एका गिऱ्हाइकाला एक सर्व्हर असताना ते चालवायचं म्हणजे अॅपपेक्षा त्याचीच देखभाल जास्त. नाही म्हणून कळवलं.

काय स्वयंचलित केलं नाही

प्रत्यक्ष गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर नवी इमेज चढवताना अजूनही माणूस होकार देतो. डेटाबेसचं मायग्रेशनही (रचनेतला बदल) माणूसच चालवतो, कारण इमेज मागे नेता येते, काढून टाकलेला कॉलम नाही. व्हॉल्यूम, म्हणजे डेटाची जागा, पुसणारी आज्ञा कुठल्याही स्क्रिप्टमध्ये ठेवायची नाही असा नियम आहे. दोन जुने पीएचपी प्रकल्प साच्याबाहेरच राहिले. त्यांत इतकं हातानं बदललेलं आहे की दर अपडेटला मर्ज सोडवत बसण्यापेक्षा त्यांच्याकडे कमी बघणं परवडतं. आधीच्या बाकीच्या प्रकल्पांना साच्यात ओढलं ते एकदम नाही. ज्याचं नवं काम निघालं, त्याचा नंबर.

सध्या वाद चालू आहे तो बॅकअपवर. साच्यातून प्रत्येक प्रकल्पाला रात्रीचा बॅकअप मिळतो, आणि तो डेटाबेसच्याच इमेजमधल्या पीजी-डंप या पोस्टग्रेसच्या बॅकअप साधनानं घेतला जातो, कारण सर्व्हरपेक्षा जुन्या मोठ्या आवृत्तीचा पीजी-डंप काम करायला नकार देतो. पण घेतलेला बॅकअप परत उतरतो का, हे कुणी बघत नाही. पुढच्या आवृत्तीत दर रविवारी तो आमच्याकडच्या एका मशिनवर रिकाम्या कंटेनरमध्ये उतरवून बघायचं ठरलं आहे. अडत्याला आणि ट्रान्सपोर्टवाल्याला त्याचं काही नाही. दवाखान्याचा डेटा म्हणजे पेशंटची नावं आणि आजार. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यानंतर तो त्यांच्या सर्व्हरबाहेर नुसत्या तोंडी बोलण्यावर आणायचा नाही, असं दादांनी बजावलं आहे. डॉक्टरांना पत्र गेलं आहे. त्यांची सही येईपर्यंत साच्यात एक नवा प्रश्न वाढला आहे, 'बॅकअपची चाचणी बाहेर चालेल का?', आणि त्याचं डिफॉल्ट उत्तर 'नाही' असं ठेवलं आहे.